फितुराचं काय करायचं

३० जुलै २००६, रविवार

ईशान आला. इराकमधून, अमेरिकन लष्कराच्या पंधरा दिवसांच्या रजेवर. विमानतळावर रत्ना त्याच्या गळ्यात पडून रडली. मी बॅग उचलली. नऊ महिन्यांनी पोरगा दिसतोय आणि मी पार्किंगचं तिकीट कुठल्या खिशात ठेवलं ते शोधतोय!

काहीतरी वाटायला हवं होतं. वाटेल उद्या.

१ ऑगस्ट

झोपतो. उठतो. वरण-भात खातो. परत झोपतो. रत्ना तासातासाला दारातून डोकावते. आईपण तिला जमतं. मी ऑफिसला जातो.

३ ऑगस्ट

पुण्याहून प्रल्हादचा ईमेल. दिवाळी अंकाचं काम सुरू झालंय, विज्ञानकथा महिनाअखेर हवी. "उल्हासराव, या वेळी तरी वेळेवर!"

कथा तीच, ईशानला दर रविवारी मराठी शाळेला नेताना गाडीत सांगायचो ती. मंगळावरची वसाहत. हवा गव्हर्नरच्या ताब्यात, खालच्या वस्तीला मोजून मिळते. बंडखोर मुख्य झडप फोडायला निघतात. गाडीत सगळं सोपं होतं. मी गव्हर्नरचा घोगरा आवाज काढला की मागच्या सीटवरून "बूऽऽ!"

आता कागदावर उतरवायला बसलो तर गव्हर्नरचं गणित बरोबर निघतंय! झडप फोडली तर दोन्ही वस्त्यांची हवा जाते. मोजून दिली तर सगळे जगतात — अर्धमेले, पण जगतात. तीस वर्षं इंजिनिअर आहे, तीनदा करून पाहिलं. आणि खालच्यांचंही खोटं नाही. मोजणारा स्वतः मात्र छाती भरून श्वास घेतो.

खलनायकाचं गणित बरोबर आलं की लेखकाची पंचाईत.

५ ऑगस्ट

ईशानला कथा वाचून दाखवली. मराठी वाचता येत नाही, ऐकून कळतं. शेवटी बंडखोर पकडले जातात, कारण त्यांच्यातलाच एक गव्हर्नरला जाऊन लपायची जागा सांगतो. सांगितलं नाही तर सगळेच गुदमरणार, असं त्याला वाटतं.

"मग त्या माणसाचं काय होतं?"

म्हटलं, ठरलं नाही अजून. प्रल्हादचा हट्ट आहे — फितुराला शिक्षा झालीच पाहिजे, वाचकांना ते लागतं. फितूर म्हणजे काय ते ईशानला सांगावं लागलं. गडाचा दरवाजा आतून उघडून देणारा.

मग "ओके" म्हणाला आणि लॉन कापायला गेला. काल परवाच कापलेलं होतं.

९ ऑगस्ट

आज बोलला. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, समोर बघत.

"तिथे एक टीचर होता, बाबा. आम्हाला चहा द्यायचा. खूप साखर. खूप फनी माणूस. आणि रोडमध्ये बॉम्ब पण तोच पुरायचा."

म्हणजे चहा नाटक होतं?

"नो! चहा पण खरा होता."

मग म्हणाला, "मीच सांगितलं कॅप्टनला. ते त्याला घ्यायला आले, तेव्हा तो माझ्या बाजूला बसलेला." पुढे त्या मास्तरचं काय झालं ते याला कोणी सांगितलं नाही. यानं तीनदा विचारलं. त्या रस्त्यावर मात्र नंतर एकही बॉम्ब फुटला नाही.

"सो आय डिड गुड, राइट?"

मी म्हणालो, भेंडी घ्यायची राहिली. आणि खरंच परत दुकानात गेलो! लाज वाटते लिहायला.

१४ ऑगस्ट

विमान साडेदहाचं होतं. साडेआठला तो गॅरेजमध्ये, हाफ पँटवर, जुन्या सायकलची चेन साफ करत बसलेला.

"मी नाही जात."

रत्ना म्हणाली, "बरं." एवढंच. जशी काही वाटच बघत होती. मी ऑफिसला गेलो.

१७ ऑगस्ट

त्याच्या युनिटमधून सार्जंटचा फोन. नम्र माणूस, मला सारखं सर म्हणत होता. तीस दिवसांच्या आत हजर झाला तर थोडक्यात निभावेल. त्यानंतर पळपुटा म्हणून नोंद, मग तुरुंग. जन्माचा शिक्का.

"इज ही देअर, सर?"

नाही म्हणालो. नंबर मात्र लिहून घेतला.

ईशानला सांगितलं. म्हणाला, "आय नो द रूल्स, बाबा."

२० ऑगस्ट

रत्नाचं ठरलंय. सप्टेंबरात लेबर डेची सुट्टी येते, त्या शनिवारी त्याला कॅनडात, टोरांटोला तिच्या भावाकडे सोडायचं. रवीला कळवूनही झालं. "एकदा पलीकडे गेला की सुटला!"

म्हटलं, मग या घरात परत कधीच नाही. आपल्याला अग्नी द्यायलाही नाही.

"जिवंत तर राहील!"

तिचंही बरोबर. सार्जंटचंही बरोबर. हल्ली मला सगळ्यांचंच पटतं. चांगुलपणा नव्हे हा — आतलं काहीतरी बंद पडलंय.

२३ ऑगस्ट

काही नाही. ऑफिस. पोळी-भाजी. तो खिडकीपाशी बसत नाही आता.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

अतुल आणि कांचन दर्शनाला आले. पंचवीस वर्षांचा शेजार. रत्नाला या देशात पहिल्यांदा गाडी चालवायला कांचननं शिकवलं. आरतीला ईशान वरच्या खोलीत, दार लावून. खालची बाथरूम अडलेली म्हणून कांचन वर गेली, आणि तो दिसलाच.

दरवर्षी हक्कानं डबाभर मोदक नेते, आज न घेताच गेली. रत्नाचा चेहरा पांढराफटक!

२८ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती. बादलीत विसर्जन. ईशाननं हात जोडले.

प्रल्हादला कथा पाठवून दिली. फितुराला सोडून दिलंय मी, शिक्षा नाही. चिडेल तो. चिडू दे.

२९ ऑगस्ट, मंगळवार

ईशानला सकाळी घेऊन गेले. दोघे आले होते, नीट बोलले. त्यानं शूज घातले. रत्ना अनवाणी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेली.

आत येऊन तिनं पहिला फोन कांचनला लावला. "तुला पोर नाही म्हणून माझं दिलंस?" — हे माझ्या बायकोच्या तोंडून! कांचन पलीकडे रडत "मी नाही गं, मी नाही" म्हणत होती. मला ऐकू येत होतं, मी शेजारीच उभा होतो. रत्नानं फोन आपटला. म्हणाली, मेली माझ्यासाठी ती. मी "हं" म्हणालो.

सार्जंटला फोन मी केला होता. काल, जेवणाच्या सुट्टीत.