आवाज मरतो ती दिशा

३ सप्टेंबर १९५८, बुधवार. देवगाव फाट्याचा माळ.

पाऊस उघडला. विमान दोनदा उडाले, सेलूकडच्या कपाशीवर औषध मारून आले. नोंद: गेले ६-१०, आले ६-५५. गेले ७-२०, आले ८-०५. मधला वेळ मला खातो. विमानाला ओळ दाखवायला झेंडा घेऊन शेतात उभा राहायचो तेव्हा विमान डोळ्यांपुढे असे. नोंदवही हातात आल्यापासून नुसते आभाळ.

गेल्या हंगामातले पायलट ज्वारीत उतरले आणि दीड दिवस सापडले नाहीत. पाय काढावा लागला. त्या दिवशीची नोंद माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरात आहे: विमान आले नाही. पुढे पान कोरे. मी ते पान रोज एकदा उघडतो.

मॅनेजरसाहेब (पुढे नुसते मॅ.) म्हणाले, यंदा विमानात बिनतारी पेटी बसवू, ते कुठे आहे ते जमिनीवर कळेल. कंपनीची मंजुरी आली. मेकॅनिक करीमचाचांबरोबर हैदराबादला मी जायचे. शाळा सहावीपर्यंत, त्यातली चार वर्षे उर्दूत. तरी मीच. आकडे दोनदा तपासतो म्हणून असेल.

५ सप्टें.

कॅप्टनसाहेब (कॅ.) पेटीचे ऐकून तापले. विमान तेच चालवतात. बूट रोज चकचकीत, बोलणे पुण्याच्या माणसासारखे.

“मी काय बोकड आहे, गळ्यात घंटी बांधायला?”

मॅ. म्हणाले, “पेट्रोल जरा जास्त जळतंय, कॅप्टन.”

“म्हणजे जीव वाचवायला नाही. पाळत ठेवायला.”

करीमचाचा विमानाखालून म्हणाले, “दोनो काम एकीच पेटी करती, साब. उसको क्या मालूम.”

९ सप्टें. हैदराबाद.

जुन्या फौजी सामानाचे दुकान. तीन पेट्या पाहिल्या. पहिली नवीन, विलायती. किंमत ऐकून चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. दुसरी लढाईतली, तीतून माणसाचे बोलणे जाते, पण दोघांनी उचलावी लागते. तेवढे औषध कमी न्यावे लागेल. तिसरी डब्याएवढी. बोलत नाही, नुसते टुक टुक करते.

चाचांचा जीव दुसरीवर. “ये तो गूंगी है रे मारोती.”

“घंटी बी बोलत न्हाई, चाचा. पण माझ्या बाला कळतंय कोणतं मेंढरू कुठं हाय.”

तिसरी घेतली. तिला ऐकणारी पेटी वेगळी, वर तारेचे गोल कडे. दुकानदार म्हणाला, ऐकणाऱ्या दोन घ्या, दोन गावांत ठेवा, दोन्ही दिशांच्या रेघा नकाशावर जिथे छेदतील तिथे विमान. मंजुरीत दुसरी बसत नाही. मी म्हणालो, एकीवर भागेल. तोंडातून निघून गेले. ‘निवड कोणाची’ असे चाचांनी विचारले आणि पावतीवर माझी सही घेतली. गाडीत झोप नाही.

१३ सप्टें.

मॅ. संतापले. “एका पेटीनं दिशा कळणार, जागा कशी कळणार?”

सांगितले. धुक्यात मेंढरू हरवले की बा एका जागी उभा राहून घंटी ऐकतो. दिशा धरतो. मग तिकडे पळत नाही. आडवा चालतो, पुन्हा ऐकतो. दोन दिशा झाल्या की जागा झाली. कान एकच.

“मेंढरू हळू चालतं. विमान पळतं.”

“उडतंय तोवर पळतं, साहेब. उतरलं की थांबतं. आपल्याला उतरलेलंच शोधायचंय.”

कॅ. पहिल्यांदा हसले. त्यांच्या ध्यानात आले की उडताना फक्त दिशा कळेल, जागा नाही. मग मला म्हणाले, “आणि तेवढीही कळू द्यायची नसेल तर?”

न विचार करता बोललो: “कुणाच्या उभ्या पिकाजवळून जाताना आमी घंटीत गवत भरतो.”

मॅ.नी डोळे वटारले. कॅ. म्हणाले, “कुठलं गवत?”

“पवन्या.”

“पवन्या गळून पडतो. कुंदा भरायचा.” आणि गेले.

ठरले ते असे: पेटीची कळ कॅ.च्या हाताशी. बंद केली की ती वेळ मी नोंदवायची. कॅ. कबूल.

कॅप्टनला कुंदा कसा माहीत? झोपताना पुन्हा आठवले.

१७ सप्टें.

पेटी बसवली. बसायच्या जागेमागे फळी, फळीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, हादरा लागू नये म्हणून. शेपटापासून पंखापर्यंत तार. पहिल्या खेपेला कानात नुसती कढई तडतडली, इंजिनाच्या ठिणग्या. चाचांनी इंजिनाच्या तारांवर जाळीचे वेष्टण चढवले, दुपार गेली, तडतड गेली. सगळे स्क्रू मी मोजले. एक जास्त निघाला. सगळी पेटी पुन्हा उघडली. तो चाचांच्या खिशातून पडलेला होता. ते दोन तास माझ्याशी बोलले नाहीत.

जमादार परवाना बघून गेला. पोलीस ॲक्शनपासून बिनतारी म्हटले की लोकांचे कान उभे राहतात. फाट्यावरची एक म्हातारी नातवाला घेऊन आली.

“बाबा, ह्यात आमच्या घरातलं बोलनं ऐकू येतंय का?”

“न्हाई, आजी.”

“आलं तर मला सांग. मी भाईर गेल्यावर सून काय म्हन्ती ते ऐकायचंय.”

२२ सप्टें.

पहिली परीक्षा. कानाला पेटी लावून कडे हळूहळू फिरवायचे. टुक टुक मोठे होते, लहान होते, एका जागी मरते. आवाज मरतो ती दिशा. मोठा होतो ती नव्हे. मोठेपणी कडे इकडेतिकडे हलले तरी फरक पडत नाही, मरायची जागा मात्र सुईच्या टोकाएवढी.

छातीठोकपणे सांगितले, सेलूकडे आहे. विमान माझ्या मागून, डोंगराकडून आले आणि डोक्यावरून गेले. सगळे हसले. उतरल्यावर कॅ. म्हणाले, “मारोती, मी तुझ्या पाठीत होतो.”

रेघेला टोके दोन. लाल पेन्सिलीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले.

६ ऑक्टो.

चौथ्यांदा. शेवटची फेरी झाली की पेटी बंद, वीस-बावीस मिनिटांनी चालू, मग विमान येते. वेळा नोंदवल्या.

मॅ. म्हणाले, “कुठं जातो हा?”

“एका जागेवरून दिशाच कळते, साहेब. आणि टोकं दोन.”

हे खरेच आहे. पण बंद व्हायच्या आधीची रेघ चारही वेळा तीच आहे, हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

९ ऑक्टो., गुरुवार.

पेटी बंद ७-१२. विमान यायला पाहिजे ७-४०. आले नाही. ८ वाजले. कानाची पेटी काढली नाही. काही ऐकू येत नाही. पेन्सिल हातात घेतली तेव्हा दिसले की मी त्या जुन्या पानासारखेच लिहायला निघालोय. ठेवून दिली.

८-३१. टुक. मग थांबले. मग टुक टुक, लागोपाठ, मुंगीएवढे.

कडे फिरवले. तीनदा. रेघ ओढली: एक टोक सेलूकडे, दुसरे उत्तरेच्या डोंगरात. मॅ. म्हणाले, “सेलूच. काम तिकडंच होतं. जीप काढा.”

“साहेब, आडवं जाऊन पुन्हा ऐकू.”

“माणूस मरायलाय आणि तू आडवं जा म्हणतोस?”

“सेलूला जाऊन न्हाई सापडलं तर सगळा दिवस जाईल.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. साहेबांशी मी असे कधी बोललो नव्हतो. करीमचाचांनी काही न विचारता जीप चारठाण्याच्या रस्त्याला लावली. “सई इसने की है, साब. इसीका सुनो.”

सगळ्या वाटेने मनात एकच: पेटी मी निवडली, एकच कान पुरे हे मी म्हणालो, आणि आता सेलूही मीच सोडायला लावले. चूक निघाली तर मला परत मेंढरांमागे जाणे सोपे, कॅ.च्या पायाचे काय?

चारठाण्याला जुन्या देवळाच्या ओट्यावर पेटी ठेवली. पोरे जमली, चाचांनी त्यांना गप्प बसवले. आवाज मेला. रेघ ओढली. सेलूकडे दोन्ही रेघा एकमेकींपासून लांब लांब जातात. डोंगराकडे मिळतात. पुन्हा ऐकले. पुन्हा मिळाल्या, तिथेच. मॅ.नी नकाशा माझ्या हातातून घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. म्हणाले, “सांग, कुठून जायचं.”

जीप गेली तिथवर जीप, पुढे पायी. आवाज वाढत गेला. तिसऱ्यांदा कडे फिरवायची गरज नव्हती, तरी फिरवले. टेकडी उतरलो आणि ओढ्याकाठच्या पडीक रानात पिवळा पंख. ११-५०.

कॅ. शुद्धीत. खांद्याचे हाड मोडलेले, पाय धड, दोन्ही. उतरताना तार तुटली होती, ती एका हाताने जोडून कळ दाबली होती. अंगावर घोंगडी. शेजारी काळ्या लुगड्यातली बाई, भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घालायलीय.

“खा रं बाळू. दातबी मोडले का?”

बाळू. मॅ. अजून टेकडीवर धापा टाकत होते, त्यांनी ऐकले नाही. बाईने आम्हाला पाहिले. “माझा भाऊ हाय,” म्हणाली. “रोज वरून जातोय, मी पदर हलवतेय. आज म्हनलं बरं झालं, उतरला तरी.”

करीमचाचा विमानाला हात लावून रडले. मी वेळ लिहिली.

१० ऑक्टो.

कॅ. परभणीच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, पोटातही मार होता, संध्याकाळ झाली असती तर अवघड होते. पहिल्या टुकपासून साडेतीन तासांच्या आत सापडले. गेल्या वर्षी दीड दिवस.

कंपनीची तार: अशीच पेटी गंगाखेडच्या छावणीवर बसवा, बसवायला मारोतीला पाठवा. मॅ.नी ती सगळ्यांसमोर वाचली आणि मला खुर्ची दिली. बसलो. अवघडलो. उठलो नाही.

११ ऑक्टो.

बा आला, कुणाकडून तरी ऐकून. चाचांनी विमानातून काढून आणलेली पेटी लांब माळावर चालू केली. बाने कानाला पेटी लावली, कडे फिरवले. पहिल्या झटक्यात दिशा धरली. “लय बारीक आवाज हाय,” म्हणाला. मग म्हणाला, “पन खोटा न्हाई.”

१२ ऑक्टो., रविवार.

दवाखान्यात जाऊन आलो. घोंगडी परत द्यायला मागितली, ती उशाखाली होती. कॅ. म्हणाले, “ताईची आहे, राहू दे.” मग खिडकीकडे बघत: “फौजेत भरती झालो तेव्हा नाव, गाव, सगळं दुसरं सांगितलं होतं, मारोती. मेंढक्याला विमानाजवळ कोण उभं करतं? कंपनीच्या कागदांवरही तेच आहे.”

मी म्हणालो, मला उभे केले.

हसले. खांदा दुखला. निघताना म्हणाले, “नोंद करताना वहीत कुंदा भर.”

नोंद लिहायला बसलो. त्या जुन्या पानासमोरचेच पान, मी आजवर कोरे ठेवलेले. विमान आले नाही. खाली: सापडले, ११-५०, पायलट जिवंत. जागा लिहिली, ती नकाशावर सगळ्यांनी पाहिली आहे. शेवटचा रकाना मॅ.नी काल नव्याने आखून दिला: तिकडे जाण्याचे कारण.

माझ्या वहीत आजवर एकही रकाना रिकामा नाही, आणि एकही शब्द खोटा नाही.

हा रकाना अजून कोरा. मॅ. सकाळी नऊला येतात.