दिसेल ते झाका

१२ मे
आज शेठनी केतकीला केबिनमध्ये बसवलं आणि मला चहा सांगायला पाठवलं. मला! पाळण्या-घसरगुंड्यांच्या या पार्कचा विमा मी बघते हे फाटकावरच्या वॉचमनलाही माहीत आहे. केतकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. विम्याच्या ब्रोकरकडे नोकरीला आहे. घरी माझ्या हातची सोलकढी पिते आणि इथे माझ्याच शेठना नवी पॉलिसी विकते.
शेठ म्हणाले, "वैशालीबेन, आ छोकरी बहु होशियार छे." मान हलवली. काय करणार!

१३ मे
नवी पॉलिसी समजली. समजली नाही असं दाखवलं.
जुन्याचं सरळ आहे. वादळ आलं, पाणी शिरलं, काही मोडलं, की सर्व्हेअर येणार, मोडलेलं बघणार, मग पैसे. म्हणून तर मी दर मे महिन्यात एकेका राइडशेजारी हातात त्या दिवसाचा पेपर देऊन माणूस उभा करते आणि फोटो काढते. खाडीचं पाणी आत येऊन घसरगुंड्यांच्या पंपाच्या मोटारी बंद पडल्या, त्या वर्षी सर्व्हेअर म्हणाला होता, "मॅडम, असा पुरावा कोणी ठेवत नाही." पण अलर्ट आला म्हणून पार्क नुसता बंद ठेवला आणि काही मोडलं नाही, तर छदाम मिळत नाही. हे शेठना खुपतं.
के.च्या, म्हणजे केतकीच्या, पॉलिसीत एक डबा. पाऊस मोजणारा, तिकीटघराच्या छपरावर. एका दिवसाचा पाऊस ठरलेल्या रेषेच्या वर गेला की पैसे. मोडो न मोडो. सर्व्हेअर नाही, फोटो नाहीत. म्हणजे मी पण नाही.
"आणि पार्कात गुडघाभर पाणी, पण डब्यात रेषेच्या खाली, तर?"
"तर नाही मिळणार, वहिनी. तेवढी रिस्क असतेच." हसून म्हणाली. दात छान आहेत तिचे.

१ जून
रविवार. सासूबाई राहतात माझ्याकडे, गुडघ्याला तेल मी लावते, आणि कौतुक धाकटीचं. "केतकीने शेठला खिशात घातलं म्हणे!" म्हटलं, आई, पोहे गार होतायत.
के.च्या मिरा रोडच्या फ्लॅटला झोपाळा लावलाय, बाल्कनीत. आमच्या खिडकीतून समोरच्यांचा मिक्सर दिसतो. माझा नवरा महेश म्हणतो, "तू जळतेस तिच्यावर." हो, जळते. बरं मग?

१६ जून
डबा बसला. सील मारलं, कोणी हात लावायचा नाही. आकडा थेट मोबाइलवर येतो. के. हेल्मेट घालून छपरावर चढली, फोटो काढून घेतला, लगेच स्टेटसला. हेल्मेट कशाला, आंबे पडतायत का वरून?
डॉमनिकने विचारलं, "बाई, ह्यो डबा पैसं देनार?" डॉमनिक जवळच्या तारोडी गावचा, राइडवाली गँग त्याच्याकडे, सगळी रोजंदारीवर.
"देईल म्हणतात."
"आनि पार्क बंद झाला का आमाला घरी धाडतात. आमचा डबा न्हाय काय?" सगळे हसले. मीही.

४ जुलै
व्हायचं ते झालं. शेठ म्हणाले, हा सीझन नीट गेला तर पुढच्या वर्षीपासून विम्याचं सगळं काम के.च्या ऑफिसकडे. "आप तिकीट काउंटर संभालो ना, वैशालीबेन." या वयात मी खिडकीत बसून हातांवर शिक्के मारू?
सीझन नीट गेला तर. देवा, रिकामा राहू दे हिचा डबा. एवढं तरी कर.

१९ जुलै
उद्या रेड अलर्ट. पार्क बंद. आज दुपारपासून गँग झाकाझाकीला. माझा वर्षानुवर्षांचा हुकूम असतो, दिसेल ते झाका. विचारत बसू नका, वारा सुटला की वेळ मिळत नाही. पाळणे, मोटारी, तिकिटाच्या खिडक्या, दारातला प्लास्टिकचा हत्तीसुद्धा. सगळीकडे निळ्या ताडपत्र्या. मी मागून नेहमीसारखी फोटो काढत.
तिकीटघरापाशी आले. छपरावर ताडपत्री, दोरीने आवळलेली, मध्ये एक टेंगूळ.
डबा. डबापण झाकला शहाण्यांनी!
डॉमनिक म्हणाला, "समदं झाकलं, बाई. उगडं काय बी न्हाय."
"शाब्बास," म्हणाले. सवयीने त्याचाही फोटो काढला. आणि बस पकडली.
इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. डब्याला मी हात लावलेला नाही. सील शाबूत आहे. कोणी विचारलं तर हुकूम दरवर्षीचाच होता.
घरी आले तर नितीनभावजी आणि के. बॅगा घेऊन हजर. त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट पावसात बंद पडते. घ्या. आता उद्याचा दिवसभर तोंडासमोर.

२० जुलै, सकाळी
पहाटेपासून कोसळतोय. गल्लीत पाणी. के. चहा न पिता मोबाइल बघतेय. आकडा शून्य.
"वहिनी, तिकडे उत्तनला, पार्कात, पडत नसेल का हो?"
"नसेल. तिकडे समुद्र जवळ ना." काय बोलले मी! समुद्र जवळ म्हणून पाऊस नाही! तिने मान डोलावली. घाबरली की होशियार माणसंही मान डोलावतात. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. भजीसुद्धा केली.

२० जुलै, दुपारी
आईंनी तिला विचारलं, "एवढं काय गं त्या डब्यात?"
के. म्हणाली, "आई, पैसे आले तर बंद दिवसांची रोजंदारी आधी त्यातून द्यायची, असं मी शेठकडून लिहून घेतलंय. वहिनीच म्हणाल्या होत्या, पार्क बंद की गँगच्या मुलांना नुसतं घरी पाठवतात म्हणून."
मी म्हणाले होते. दर दिवाळीला म्हणते. जेवताना म्हणते, भांडी विसळताना म्हणते. मी नुसती बोलत राहिले आणि हिने लिहून घेतलं. हेही हिनेच करायचं? एक तरी गोष्ट माझ्यासाठी ठेव ना बाई!
इतका राग आला की उठून जिन्यात गेले आणि डॉमनिकला फोन लावला. पाणी कुठवर चढतंय ते बघायला तो पार्कातच थांबला होता.
"तिकीटघरावरची ताडपत्री काढ. आत्ता."
"बाई, तुमीच तर बोल्ता झाका."
"आता मीच बोलते काढ. शिडी लावू नकोस, वारा आहे. खालून आकडीने ओढ."
बऱ्याच वेळाने त्याचा फोन, काढली म्हणून. स्वयंपाकघरात के. ओरडली, "वहिनी, आला! आकडा आला!" गळ्यात पडली माझ्या. हाताला बेसन होतं, तसंच लागलं तिच्या ड्रेसला.

२० जुलै, संध्याकाळी
आम्ही दोघी खिडकीत. आकडा चढतोय. मी मनातल्या मनात म्हणतेय, पड, पड बाबा अजून. पार्कात पाणी भरत असेल, माझ्या मोटारी बुडत असतील, आणि मी म्हणतेय पड.
मग पाऊस उघडला. समोरचीने कपडे वाळत घातले. रेषेला थोडकंच राहिलं. सकाळचा सगळा पाऊस ताडपत्रीवरून वाहून गेला.
के.ने मोबाइल पालथा ठेवला. जेवलीही नाही. आई म्हणाल्या, "नव्याचे नऊ दिवस." हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती तरसले होते. आणि आज गोड लागेना.

२१ जुलै
पार्क. मोटारी वाचल्या, काही मोडलं नाही. म्हणजे जुन्या पॉलिसीतूनही काही नाही. गँगला आजही घरी पाठवलं, गाळ निघेपर्यंत काम नाही. डॉमनिक नमस्कार करून गेला. ताडपत्रीचं कोणाला बोलला नाही. त्याला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नसेल.
शेठनी के.ला फोनवर झापलं. दार उघडं ठेवून. हेच महिनाभरापूर्वी झालं असतं तर मी पेढे वाटले असते.

२२ जुलै
के. ऑफिसात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, पॉलिसीत एक कलम आहे, डबा बिघडला असेल किंवा त्याचं तोंड चुकून अडलं असेल तर जवळच्या दुसऱ्या केंद्राचा आकडा धरतात, आणि तिथला रेषेच्या पुष्कळ वर आहे. फक्त डबा अडला होता याचा पुरावा हवा. पाऊस सुरू होण्याआधीचा, तारीख-वेळ असलेला.
"वहिनी, तुम्ही शनिवारी सगळ्याचे फोटो काढलेत ना? तुमच्याकडे सगळ्याचे असतात. तिकीटघराचा असेल का?"
"बघते," म्हणाले.
आहे. स्वच्छ आलाय. निळी ताडपत्री, मध्ये टेंगूळ, खाली तारीख आणि वेळ. आणि काढणारी मी. के. मूर्ख नाही. वेळ वाचेल, मग रविवारचा शून्य आठवेल, मग माझा समुद्र आठवेल.
फोटो पाठवायला घेतलेत. पाळणे, मोटारी, खिडक्या, हत्ती, सगळ्यांवर टिक केली. एक राहिलाय.
वर तिचा मेसेज आला. "वहिनी, मिळाला का? तुमच्यावरच आहे आता सगळं."