एकवीस दिवस विषय काढायचा नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ५.४०
लेकीच्या जुन्या डायरीत बरीच पानं कोरी निघाली. तारखा खोडून वापरते. नवी वही कशाला.
आज दिवस पहिला. प्रार्थनामंडळाच्या बाई म्हणाल्या, नवऱ्याला क्षमा करायची तर त्या गोष्टीचा एकवीस दिवस उच्चार नको. एक दिवस मोडला की परत एकपासून. मी मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते. एकवीस म्हणजे काय मोठं.
गोष्ट एकदाच लिहिते आणि संपवते. अठरा वर्षांपूर्वी, घरात फोन नव्हता तेव्हा, भावाने ह्यांच्या बस डेपोच्या ऑफिसात फोन केला. सकाळी अकराला. आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा. त्या रात्री ह्यांचे साहेब आमच्याकडे जेवायला होते. ह्यांनी मला सांगितलं ते साहेब गेल्यावर, माझी भांडी घासून झाल्यावर. मी साहेबांना तिसऱ्यांदा आग्रह करत होते, तेव्हा आई माझं नाव घेत होती. पोचले तर सगळं उरकलेलं.
ह्यांना बढती मिळाली.
असो. क्षमा केली. हलकं वाटतंय.

४ मार्च
चहा देताना ह्यांना सांगितलं, आजही मी तो विषय काढणार नाही. हे म्हणाले, कुठला. म्हटलं, तुम्हाला चांगला ठाऊक आहे कुठला. नाव घेतलं नाही. दिवस धरला.

७ मार्च, शुक्रवार
आईचा फोटो बाहेरच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावला, ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. तिथे उजेड चांगला पडतो. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. हे खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून जेवले. पाठ धरली असावी.
दिवस पाचवा.

११ मार्च
प्रगती आहे. ह्यांनी आज विचारलं, वाटीभर तांदळाला पाणी किती. लग्नाला तीस वर्षं झाली, ह्या माणसाने रिकामा पेला कधी जागचा हलवला नाही. शर्टाचं बटणसुद्धा स्वतः लावलं, वाकडं. क्षमेचा परिणाम समोरच्यावर होतो असं बाई म्हणाल्या होत्या. इतक्या लवकर होईल वाटलं नव्हतं.
दुपारी शेजारणीला सगळं सांगितलं, अगदी अकराच्या फोनपासून. ह्यांच्याशी बोलले नाही, म्हणजे मोडलं नाही.

१३ मार्च
हे छोटा कुकर घेऊन आले. घरात तीन कुकर आहेत म्हटलं. म्हणाले, हा एकापुरता आहे. माझ्या उपासाच्या दिवशी मला चुलीपाशी उभं राहायला नको म्हणून असणार. बोलून दाखवायचा स्वभाव नाही. पावती जपून ठेवली आहे, परत करता येईल.

१५ मार्च, शनिवार. दुपारी
हे कामावरून लवकर आले. फोटोखाली स्टुलावर बसले. म्हणाले, अगं, मी त्या दिवशी चुकलो. साहेबांना घाबरलो. अठरा वर्षं तेच डोक्यात आहे. आज बोलूया का एकदाचं. तुला काय म्हणायचं ते सगळं म्हण.
नेमका तेरावा दिवस. मी म्हटलं, त्या विषयावर बोलायची मला बंदी आहे. तेरा दिवस पाण्यात घालवू का.
ह्यांनी उठून स्टूल जागेवर ठेवलं. शिस्तही येते आहे.

१८ मार्च
ह्यांनी कपाटातला आपला खण रिकामा केला. म्हटलं, किती वर्षं सांगत होते, आवरा म्हणून. म्हणाले, नव्या डेपोत बदली मागून घेतली आहे. पाच तासांचा प्रवास, राहायला खोली मिळते, निवृत्तीला दोनच वर्षं आहेत. म्हणाले, तू तुझे एकवीस दिवस पूर्ण कर. मी असलो की मधे येतो.
किती समजूतदारपणे बोलले.
सहाच्या बसने गेले. कुकर नेला. पावती माझ्याकडेच राहिली.

२० मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, आई, शनिवारपर्यंत बाबांना बदलीचा अर्ज मागे घेता येत होता. म्हटलं, मग तसं सांगायचं होतं. लेक म्हणाली, सांगायलाच तर बसले होते ना तुझ्यासमोर.
तिला व्रत कळत नाही. बापावर गेली आहे.
दिवस अठरावा. हल्ली आपोआप धरतात.

२३ मार्च, रविवार
एकविसावा. पूर्ण.
मंडळात बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मग विचारलं, क्षमा केली म्हटल्यावर यजमान काय म्हणाले. तेव्हा ध्यानात आलं, त्यांना सांगायचंच राहिलं.
घरी येऊन फोन लावला. म्हटलं, मी तुम्हाला क्षमा केली. म्हणाले, भात अजून गिचका होतो माझा. पुढच्या रविवारी येऊ का गं.
लग्न ठरल्यावर बोलायचे तो आवाज. माझाही हात पदर सावरायला गेला. म्हटलं, या की. पण सकाळच्या गाडीने या. उशिरा पोचणं काय असतं, ते मला विचारा.
फोन बंद झाला. तिकडे रेंज नसावी.
दिवेलागणीपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले होते.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ५.४०
दिवस पहिला.