ग्रहणातले बांगडे

देवबाग, बुधवार

प्रिय मथुरा,

तीस वर्षांच्या संसारात तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, हवं तर हसून घे. फोनवर जीभ रेटत नाही. सुदेश आंब्याच्या पेट्या घेऊन आज पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय. तन्वी जेवते ना नीट? पाचव्या महिन्यात पोरीवर मूल ठेवायचं की नाही हे ठरवायची वेळ यावी, तेही शुक्रवारपर्यंत, मला सहन होत नाही.

परवा तिच्या डॉक्टरबाईंनी मला सगळं समजावलं. बाळाची जनुकं धड आहेत, तन्वीचीही. फक्त गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलाय, म्हणून त्या धाग्याची घडी वेगळी पडते. होडीत जाळ्याची घडी चुकली की एकही गाठ न तुटता घोळ होतो, तसंच. बोटांच्या जनुकाला ‘आता कामाला लाग’ सांगणारा भाग घडीत त्याच्याजवळ यायला हवा, तो भलत्याच जनुकाशेजारी जातो आणि बोटं सुटी होत नाहीत. हे सारं दुसऱ्या महिन्यात ठरतं, मथुरा. दुसऱ्या! तू दिवाळीतल्या ग्रहणात बांगडे कापलेस तेव्हा तुला तन्वीच्या वेळचा सातवा लागला होता. तरी तन्वीची जुळलेली बोटं बघून आई बारशालाच बोलली, “ग्रहणात बांगडे कापलंस, म्हणान चेडवाची बोटां चिकाटली.” तेव्हापासून तू प्रत्येक ग्रहण उपाशी काढलंस. वर मी तुला चिडवायचो. लाज वाटते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे तन्वीपासूनच सुरू झालं असेल, तर बाळात काय होईल सांगता येत नाही. घरात आधीपासून असेल आणि बोटांपलीकडे कुणाचं काही बिघडलं नसेल, तर भीती बरीच कमी. तुझ्या रक्तात काही निघालं नाही. तुमच्याकडे कुणाला होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो.

खोटं बोललो. माझ्या डाव्या हाताच्या बोटांमधला व्रण दोराने कापल्याचा नाही. तीन वर्षांचा असताना मुंबईला ऑपरेशन झालं होतं. बाबांचीही बोटं जुळलेली होती, ते तू यायच्या आधीच गेले. आईला ठाऊक होतं, मलाही. लग्न मोडेल म्हणून लपवलं. पुढे तुझ्यावर आळ आला तेव्हा मी सुटलो म्हणून गप्प बसलो. उद्या सकाळी दहाला डॉक्टरबाईंना फोन करून खरं सांगणार आहे. परक्याच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. रक्त द्यायला मी येतोच आहे. मला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव. पण तन्वीला आधी सांग, तिच्या आईच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
मंगेश