दूध मोरीत ओतू नये म्हणून

मी, प्रयोगशाळेत एकतीस वर्षं गाठींचे तुकडे मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढणारी, वय अठ्ठावन्न, स्तनाच्या कर्करोगाने आजारी पण डोकं ठिकाणावर असलेली बाई, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. याआधी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. राहतं घर, गळक्या नळासकट, आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीला. नळ जावयाने दुरुस्त करावा. तीन वर्षं 'उद्या करतो' चाललंय.

२. चहाच्या कपांचा संच धाकट्या जाऊबाईंना. आजाराचं कळल्यावर त्यांनी त्यांच्या घरातल्या माझ्या कपाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. हा आजार उष्ट्या कपाने लागत नाही, हे तीनदा सांगितलं; पालथ्या घड्यावर पाणी. तरी माझ्या बाळंतपणात सगळं त्यांनीच केलं होतं, म्हणून राग इथेच संपवते.

३. माझ्या गाठीचे मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत आहेत. नव्या मुलीने काप जरा जाडच काढलेत, शिकेल. विषाणूंचा या कर्करोगाशी काही संबंध आहे का, हे तपासणाऱ्या अभ्यासाला ते द्यावेत. काही संशोधकांना काही गाठींत विषाणूच्या खुणा मिळाल्या, काहींना नाही. मिळाल्या तरी गाठ त्यांच्यामुळेच झाली असं ठरत नाही.

४. आता माझी चूक. याच विषयावर मी जेवताना मास्तरकी केली. "उंदरांत असा एक विषाणू आईच्या दुधातून पिल्लांत जातो," एवढं बोलून ताटाकडे वळले. समोर सव्वा महिन्याची बाळंतीण लेक बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती दूध पिळून मोरीत ओतू लागली. आज नऊ दिवस झाले. विचारलं तर म्हणाली, "तुझं दूध मी प्यायले ना, आई? मग माझ्यातही असेलच. त्याला कशाला देऊ?"

मला फार रडू आलं.

उंदराचं ते उंदराचं. माणसांत तसं होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "आईला झालं म्हणून पाजणं थांबवायचं कारण नाही. उलट पाजणाऱ्या बाईला या आजाराचा धोका थोडा कमीच असतो." तिने मान हलवली, पण पाजलं नाही. भीती माझ्या तोंडून गेली होती, ती मलाच काढायला हवी.

म्हणून, बाळा, हे घरापेक्षा मोठं समज. तुला मी दीड वर्ष पाजलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुखाचं काम ते. त्यात विष नव्हतं. ते सुख तूही घे, एवढंच मागते.

हे कलम मी तिला आत्ताच वाचून दाखवलं. मेल्यावर कळून काय उपयोग? ती उठून आत गेली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. शेजारचे शिंपीकाका (सही)
ठिकाण: माझी बाहेरची खोली
दिनांक: नातू सत्तेचाळीस दिवसांचा झाला तो दिवस
वेळ: साडेअकरा. सह्या अकराला व्हायच्या होत्या, पण आत बाळ अंगावर पीत होतं आणि कोणालाच खुर्ची सरकवावीशी वाटली नाही.