मे महिन्यात येणारा कागद

२९ जानेवारी

आई पपांवर ओरडली. पेपर मिलचा कागद आला म्हणून. मिल बंद पडली तेव्हा पपांनी म्हातारपणाचे साठलेले पैसे सगळे काढले होते, त्याचा. टॅक्सच्या पुस्तकात लिहिलंय — साठ दिवसांत दुसऱ्या तसल्याच खात्यात टाकले तर टॅक्स नाही. नाहीतर सगळ्यावर!

"टाकले ना," पपा म्हणाले. "खालच्या गावच्या पतपेढीत."

"पावती?"

पपांनी स्टोव्हकडे बघितलं. आमच्याकडे टेबलावर राहिलेला कागद सकाळी स्टोव्ह पेटवायला जातो. आणि पेटवतात पपाच.

"पैसे टाकल्याचा त्यांचा कागद येतो टॅक्ससाठी. मेमध्ये. तिथली बाई म्हणाली."

आई हसली. वाईट हसली. "टॅक्स भरायचा एप्रिलमध्ये आणि कागद येणार मेमध्ये! जेरार, मी काय खुळी आहे?"

३० जानेवारी

आई म्हणते पैसे रेआल काकाने खाल्ले. बर्फावरची नवी गाडी कुठून आली मग? "भावाने हात पसरला की ह्याचा खिसा उघडा."

६ फेब्रुवारी

पपांना दोन वाक्यं बोलली की धाप लागते. नाकात सारखी नळी. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मी शाळा सोडली. असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे वर्गात उभं राहून बोलायला लागायचं, ते सुटलं.

पपा म्हणाले, "जोझी, पतपेढीला फोन लाव. काय हवंय तेवढं सांग, मग माझ्याकडे दे."

लावला. बाई हॅलो म्हणाली. मी ठेवला.

लागत नाहीये म्हणून सांगितलं.

"बरं. उद्या लाव."

११ फेब्रुवारी

आज परत लावला. परत ठेवला. पपा बघत होते! जेवताना म्हणाले, "वाटाण्याचं सूप झकास झालंय आज."

मी मीठच घातलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

पपा गेले.

२३ फेब्रुवारी

चर्चमध्ये प्रार्थना झाली. पुरलं नाही. जमीन दगडासारखी आहे, बर्फ जाईपर्यंत पेटी कबरस्तानातल्या खोलीत. तिथे आणखी तीन आहेत. थंडी असेल खूप.

काका मागच्या बाकावर बसला होता. आई त्याच्याजवळ गेली. "गाडी चालूच ठेवायची होतीस. लगेच निघायचंय तुला."

"कोलेट, हप्त्यावर घेतलीय गं ती!"

"हो का?"

काका टोपी हातात घेऊन गेला. रडत होता.

३ मार्च

लाजले म्हणून फोन ठेवला, असंच मला वाटत होतं. पण तेवढंच नाही. ती बाई म्हणाली असती, असं खातंच नाही आमच्याकडे — तर? पपांसमोर!

म्हणजे माझाही विश्वास नव्हता.

१४ एप्रिल

आईने टॅक्स भरला. पपांचा ट्रक विकून. पाकीट चिकटवताना म्हणाली, "शेवटपर्यंत खोटं बोलला गं माझ्याशी."

मी पाकिटावर तिकीट लावलं.

१७ मे

जमीन सुटली. आज पपांना पुरलं. काकाला कळवलंच नाही. पेटी खाली जाताना आई दुसरीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते.

२२ मे

पतपेढीचं पाकीट आलं. पपांच्या नावाने. सगळे पैसे तिथेच आहेत.

आईने उभ्यानेच वाचलं. मग घरातल्याच सपाता घालून कबरस्तानाकडे निघाली. मी मागे गेले तर वळून म्हणाली, "तू नको येऊस. मला त्याच्याशी बोलायचंय."

मलाही बोलायचं होतं.