धुक्यातली बाई कोण?

१ डिसेंबर, सोमवार
'ओळखा फ्रेम' ग्रुपवर आज परत थोडक्यात हुकलो. खेळ सोपा आहे. एकाने सिनेमातला एक फोटो टाकायचा, बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा, ओळखेल त्याने पुढचा फोटो टाकायचा. मी 'जपानी' लिहिलं. निघाला भोजपुरी. खंड तरी बरोबर आला. नजर तयार होतेय.
संकल्प: उद्यापासून रोज एक सिनेमा, पूर्ण.

२ डिसेंबर
सिनेमा लावला. सुरुवातीची नावं संपायच्या आत झोप लागली. ऑफिसचा थकवा, दुसरं काय. शिवाय गोष्ट काय कोणीही बघतं. रसिक माणूस फ्रेम बघतो.
साक्षीने कॉम्प्युटरशेजारी काहीतरी ठेवलं आणि म्हणाली, वेळ मिळाला की नीट चालतंय का बघा. आणि चौदा तारखेच्या रविवारी काही ठरवू नका. हो म्हटलं. बायकोला रविवारचं फार.

५ डिसेंबर
सटाण्याचा भिकन. कांद्याचा व्यापारी. लिलाव चालू असताना यार्डातून एका हाताने उत्तर टाकतो. आज फोटोत नुसती बादली होती. पठ्ठ्याने सिनेमा सांगितला, सालही सांगितलं. मी 'बादली जर्मन वाटते' लिहिलं होतं. अभ्यासपूर्ण होतं ते.
नंतर भिकननेच लिहिलं, किशोरभाऊ, मना नंबर तुमले दिधा, आते तुम्ही टाका. ग्रुपवर अजून एकही सिनेमा न ओळखता फोटो टाकायला मिळालेला मी पहिलाच. कोणी याला दया म्हणेल. मी मान म्हणतो.

८ डिसेंबर
सापडला! कॉम्प्युटरशेजारी एक पेन ड्राइव्ह पडला होता. ऑफिसातल्या सुयशने मागे परदेशी सिनेमे भरून दिले होते, तोच असणार. आत एकच फाइल, नावाच्या जागी नुसते आकडे. म्हणजे फेस्टिव्हलची प्रत. आवाज बंद करून मध्येच एका जागी थांबवली, आणि अहाहा! धुकं. द्राक्षांची बाग. शाल लपेटलेली एक पाठमोरी बाई. लांब तारेच्या कुंपणाला टेकून एक पुरुष, अंधुक. अंगावर काटा आला. द्राक्षं बघूनच ओळखलं, फ्रान्स!
फोटो टाकला. बाकी फाइल बघायची गरज वाटली नाही.

९ डिसेंबर
कोणालाच येईना. भिकनसुद्धा गप्प! आमची अ‍ॅडमिन वैष्णवी, मालेगावला कॉलेजात शिकवते, तिने जाहीर केलं की रविवारी सकाळी नऊपर्यंत कोणी ओळखलं नाही, तर महिनाभर परीक्षक मी. फक्त शेवटी सिनेमाचं नाव पुराव्यासकट द्यायचं. त्यात काय एवढं.
साक्षीला ग्रुपवर घेतलं. घरच्यांना आपली किंमत कळायला नको?

११ डिसेंबर
ग्रुपवर हिंट दिली. लिहिलं की दिग्दर्शकाने बाईच्या नुसत्या पाठीतून एकाकीपण दाखवलंय, पण मागचा पुरुष साफ बावळट. कास्टिंग चुकलंय. अशी बाई असल्या माणसाकडे ढुंकून तरी बघेल का? सगळे खूष. साक्षीनेही अंगठा दिला.
रात्री भाजीत मीठ नव्हतं. विसरली असेल.

१३ डिसेंबर
फाइल उघडून नाव तेवढं बघायचं राहिलंय. उद्या सकाळी बघतो, घाई नाही. आज फेट्याचं बघितलं. परीक्षकाने डीपीवर फेटा घालावा का, हा प्रश्न होता. घालावा.
साक्षीने विचारलं, पेन ड्राइव्ह बघितलात का. म्हटलं, कुठला? ती आत निघून गेली.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ
नऊ वाजायला आले होते. फेटा बांधून बसलो होतो. ग्रुपवर साक्षीचं उत्तर पडलं.
'सिनेमा: आमचं लग्न, दुसऱ्या दिवशीचं आउटडोअर. जागा: माझ्या मामांची बाग, पिंपळगाव. कॅमेरा: बहिरू फोटो स्टुडिओ, देवळाली कॅम्प. बाई मी. आज सोळा वर्षं झाली. आता बावळट ओळखा.'
भिकनने लगेच ओळखला.

१४ डिसेंबर, दुपार
फेटा सोडला. साक्षीने जुनी सीडी दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतली होती. आज दोघांनी मिळून बघायची, म्हणून. हे मला आज कळलं. फार लाज वाटली. सॉरी म्हटलं, दोनदा.
मग शेजारी बसून पूर्ण बघितली, आवाजासकट. न झोपता. सनई आहे, फ्रान्स नाही. बहिरू सारखा ओरडतोय की नवरदेव, इकडे बघा, कॅमेऱ्यात. आणि तो बावळट एकदाही कॅमेऱ्यात बघत नाही, हिच्याकडेच बघतोय.
साक्षीने पेन ड्राइव्ह काढून जपून ठेवला. मग म्हणाली, "कास्टिंग चुकलंच होतं. पण आता कुठे बदलणार?"
संध्याकाळच्या भाजीत मीठ असेल असं वाटतं.

१५ डिसेंबर, सोमवार
नवा संकल्प: घाई करायची नाही, आधी नीट बघायचं, मग उत्तर.
जिंकली म्हणून आजचा फोटो साक्षीचा. सोफ्यावरून लोंबकळणारा एक पाय, अंगठ्याशी फाटलेला मोजा, मागे टीव्हीचा निळा उजेड. काय फ्रेम! गरिबी, थकवा, सगळं त्या एका मोज्यात. सगळ्यांच्या आधी 'इटालियन' लिहिलं.
मोजा माझा होता.